औसेकर सर आणि ‘घरका फोन’

औसेकर सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या गप्प बसण्यातून.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्याहून हैदराबादला आले होते आणि नारायणगुड्यातल्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. कंपनी मोबाइलवरून इंग्रजी शिकवायची. म्हणजे शिकवायचे शिक्षकच. कंपनी त्याला ‘आत्मविश्वासाची चळवळ’ म्हणायची. शिक्षकांना शिक्षक म्हणायला बंदी होती, ते ‘फ्लुएन्सी पार्टनर’ होते. विद्यार्थी ‘चॅम्पियन’ होते. माझ्या हुद्द्यात ‘क्वालिटी’ हा शब्द होता. काम एवढंच, की झालेल्या वर्गांची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि एका तक्त्यात गुण भरायचे. शिक्षक हसून बोलला का? चॅम्पियनचं नाव तीनदा घेतलं का? आठ सेकंदांहून जास्त शांतता राहिली का? राहिली असेल तर एक गुण वजा. हे आठ सेकंद कुणी ठरवले, कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या गोष्टी ठरवणारी माणसं कधी सापडत नाहीत, फक्त त्यांचे तक्ते सापडतात.

पहिल्याच आठवड्यात एका रेकॉर्डिंगमध्ये मधेच आवाज गेला. एका वयस्कर, खणखणीत आवाजाने विचारलं, “पद्मा, टेल मी, व्हॉट डिड यू कुक टुडे?” आणि मग काहीच नाही. मी आवाज वाढवला, हेडफोन बदलला, शेवटी आमच्या तांत्रिक विभागातल्या श्रीनिवासला बोलावलं. त्याने पडद्यावरची सरळ रेघ पाहिली.

“फाइल ठीक है मॅडम,” तो म्हणाला. “ये औसेकर सर हैं.”

जणू तो एक ओळखीचा बिघाड होता.

एक्केचाळीस सेकंदांनी एका बाईचा बारीक आवाज आला, “बीन्स.”

“बीन्स. गुड. हू डिड नॉट ईट देम?”

पुन्हा शांतता. मग ती बाई फस्सकन हसली. “माय हजबंड, सर.”

मी एक गुण कापला, आणि नियमाप्रमाणे समज द्यायला सरांकडे गेले.

आमच्या मजल्यावर शिकवण्यासाठी काचेच्या खोक्यांसारख्या केबिन होत्या, आतून स्पंज लावलेल्या. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये सर बसले होते. सत्तरीला टेकलेले, काटकुळे. एसीमुळे डोक्यावर माकडटोपी, आणि पायात लेसचे काळे बूट, आरशासारखे घासलेले. कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसणारा माणूस बूट कशाला घासतो, हे मी नंतर कधीतरी विचारलं. “आवाजात बूट ऐकू येतात,” ते म्हणाले. मला ते तेव्हा नुसतंच ठसकेबाज वाटलं. मग बाकीच्या शिक्षकांची रेकॉर्डिंगं ऐकताना कुणाच्या आवाजात चप्पल, कुणाच्या आवाजात अंथरूण ऐकू यायला लागलं.

त्या दिवशी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“पुण्याच्या का तुम्ही?”

“हो. कसं ओळखलंत?”

“चूक सांगायला आलात आणि पहिल्यांदा नमस्कार केलात. इथले लोक पहिल्यांदा चाय विचारतात.” मग तक्ता हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला. “आठ सेकंद. आठ सेकंदात बाई पदर सावरते. इंग्रजी नंतर.”

“पण सर, एक्केचाळीस?”

“हे बघा बाई. तिला पहिल्यांदा तेलुगूत आठवायचंय. मग घरात कोणी ऐकूलालंय का ते बघायचं. मग इंग्रजी. तीन कामं आहेत, तुम्ही एकाच कामाचा टाइम देऊलालात.” तक्ता त्यांनी घडी घालून मला परत दिला. “लाइट घ्या, मनावर नका घेऊ. कापा एक मार्क. मला काय पहिला नंबर काढायचाय?”

त्यांचं घराणं औश्याकडचं, पण चार पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. मराठी मराठवाड्याची आणि तिच्यावर दखनीची कल्हई. तीस वर्षं ते शहरातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळेत मुलं उरली नाहीत, मग शाळा उरली नाही. ही हकिगत ते दोन वाक्यांत सांगत, मीही तेवढ्यातच ठेवते. डब्यात धपाटे असायचे आणि बरोबर गोंगुऱ्याचं लोणचं. “अंबाडीच आहे हो ती,” ते म्हणायचे. “हैदराबादेत आली आणि नाव बदलून नोकरीला लागली. तुमच्यासारखी.”

सरांची बॅच दुपारी अडीचची. कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या दानातून ती फुकट चालायची आणि तिच्यात सगळ्या घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. अडीच ते साडेतीन, म्हणजे घरातली बाकीची माणसं जेवून लवंडलेली असतात तो तास. कॅमेरा एकीचाही सुरू नसायचा. पडद्यावर नुसते काळे चौकोन आणि खाली नाव. कुणाचं पद्मा, कुणाचं ‘बंटी की मम्मी’, कुणाचा नुसता पूर्णविराम. फोनमध्ये जे नाव घातलेलं असेल तेच इथे यायचं. आणि एका चौकोनाखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘घरका फोन’.

चेहरे दिसत नसल्यामुळे सरांनी आपली वेगळी हजेरी ठेवली होती. शंभर पानी वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या घरातले आवाज लिहिलेले. पद्मा: कुकर, शेजारी लाकूडकाम. बंटीची मम्मी: शिलाई मशीन, पोपट (बहुतेक). पूर्णविराम: सासू घोरते. यातलं एक अक्षरही चेष्टेचं नव्हतं. “पद्मा, सेकंड व्हिसल,” ते शिकवता शिकवता म्हणायचे, “गो, वुई विल वेट.” आणि खरंच सगळा वर्ग कुकर उतरवेपर्यंत थांबायचा. कंपनीने पाठवलेल्या चकचकीत स्लाइड्स ते वापरत नसत. चालू काळ शिकवायचा तर त्या वर्गाची स्वतःची वाक्यं होती. ‘माय मदर-इन-लॉ इज स्लीपिंग.’ ‘माय मदर-इन-लॉ इज स्टिल स्लीपिंग.’ एकदा पूर्णविरामने यात भर घातली, “माय मदर-इन-लॉ हॅज वोकन अप, बाय सर,” आणि तिचा चौकोन नाहीसा झाला. ते रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. सरांनी तिला वहीत दहापैकी दहा दिले होते.

घरका फोन कधीच बोलली नाही.

ती पहिल्या दिवसापासून होती. अडीचला येणारी पहिली, साडेतीनला जाणारी शेवटची. रोज सर नावं घ्यायचे, तिच्यापाशी आले की म्हणायचे, “घरका फोन, युअर टर्न,” आणि थांबायचे. चाळीस सेकंद, कधी पन्नास. मग पुढच्या नावाकडे. ना कधी सुस्कारा, ना “कॅन यू हिअर मी?”ची सरबत्ती. तिच्या एका पाळीपायी रोज एक गुण जायचा. मी एकदा म्हटलं, “सर, ती नुसता फोन सुरू करून ठेवत असेल. कामाला जात असेल आत.”

“नाही. मी नाव घेतलं की ती पंखा बंद करते.”

“काय?”

“माइक चालू करते आणि पंखा बंद करते. जुना पंखा आहे, कुरकुरत थांबतो. मग घड्याळ ऐकू येतं. मी पुढं गेलो की पंखा पुन्हा चालू.” वही उघडून त्यांनी मला दाखवलं. घरका फोन: पंखा, घड्याळ. “मला नीट ऐकू यावं म्हणून गर्मीत बसते ती, बाई. अजून काय उत्तर पाहिजे?”

मी हसले. लाइट जात असेल, असंही म्हणाले. मे महिना होता, हैदराबादेत त्या तासाला कुणी पंखा बंद करत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सरांनी स्वतःबद्दल एकच गोष्ट मला सांगितली, ती त्याच दिवशी. लहानपणी आईबरोबर ते आबिड्सच्या एका कचेरीत कसल्याशा कामाला गेले होते. खिडकीवरच्या माणसाने आईला काहीतरी विचारलं. आईला येत होतं उत्तर; ती तोंड उघडतच होती. तेवढ्यात तो तिच्या डोक्यावरून मागच्या माणसाला म्हणाला, “आप बोलिए.” बस, एवढंच झालं. “त्यानंतर आई कुठल्याच खिडकीवर गेली नाही,” सर म्हणाले. “चाळीस वर्षं. मला पुढं सारायची.” आणि डबा बंद केला.

आता आमच्या संस्थापकांबद्दल सांगायला हवं. अमेरिकेत काही वर्षं काढून ते परतले होते. त्यांना ‘सर’ म्हणायचं नाही, पहिल्या नावाने हाक मारायची, असा नियम होता आणि तो मोडला की ते दुखावले जायचे. समतेचा इतका धाक मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एका दुपारी दान देणाऱ्या कंपनीचे दोन लोक आले आणि संस्थापक त्यांना घेऊन थेट अडीचच्या वर्गात शिरले. सरांच्या खुर्चीवर स्वतः बसले, कॅमेऱ्यात दात दाखवले, “हॅलो चॅम्पियन्स!” म्हणाले आणि बारा मिनिटं गरुडावर बोलले. गरुड म्हातारा झाला की स्वतःची चोच खडकावर आपटून मोडतो आणि नवी उगवून घेतो, ही ती गोष्ट. बारा काळे चौकोन निमूट ऐकत होते. सर माकडटोपी घालून बाजूला उभे होते. केबिनच्या अर्धवट उघड्या दाराशी मी.

“एनी क्वेश्चन्स, चॅम्पियन्स?” संस्थापकांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मला दिसत होतं. चार सेकंद. सहा. आणि ‘घरका फोन’च्या चौकोनावरची माइकची खूण हिरवी झाली. सरांचा हात वर गेला, तळवा पुढे करून, रस्ता ओलांडताना आपण गाड्या थोपवतो तसा. पंखा कुरकुरत थांबला. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग श्वास घेतल्याचा आवाज आला. बोलायला सुरुवात करणारं माणूस घेतं तसा, पुरा.

“ओके, नो क्वेश्चन्स! फँटास्टिक!” संस्थापक म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या.

हिरवी खूण गेली.

पाहुणे निघून गेल्यावर सर बराच वेळ केबिनमध्ये बसून राहिले. मी आत गेले तर टोपी काढून टेबलावर ठेवलेली. “अकरा सेकंद झाले होते, बाई. त्या माणसाला अकरा सेकंद गप्प बसता आलं नाही.” टोपी पुन्हा डोक्यावर चढवत म्हणाले, “गरुड म्हणे.”

त्यानंतर सरांना एकच ध्यास लागला. ती एकदा बोलायला निघाली होती, पुन्हा निघणार. किती दिवसांनी, एवढाच प्रश्न. रोज तिच्या नावापाशी आले की ते पूर्वीपेक्षा जास्त थांबायला लागले आणि मी रोज गुण कापत राहिले.

महिनाअखेर यंत्रातून एक यादी यायची. तीस वर्गांत ज्याने एकही शब्द उच्चारला नाही, तो ‘निष्क्रिय’. त्याचं नाव काढायचं आणि जागा पुढच्याला द्यायची. मंजुरी माझी. यादी यायच्या आदल्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले.

“तिचं नाव असंल यादीत. काढू नका.”

“बघते, सर.”

“बघू नका. ऐका. गरुडाच्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐका, मग ठरवा.”

“हो, ऐकते.”

मी ऐकलं नाही. नावं पुष्कळ होती, दानवाल्यांना संध्याकाळपर्यंत आकडे हवे होते. पडद्यावर एक चौकट असते, ‘सगळे निवडा’. ती टिचकवली, मग ‘मंजूर’. यात काही नाट्य नव्हतं. बोट दोनदा हललं.

नाव काढलं की यंत्र आपणहून निरोप पाठवतं, हे मला माहीत होतं. तो काय असतो ते मी वाचलेलं नव्हतं. रंगीत फुगे काढलेला निरोप: ‘प्रिय चॅम्पियन, इंग्लिश स्पीकिंगच्या तीस वर्गांना आपण दररोज दुपारी अडीच वाजता हजर राहिल्याबद्दल अभिनंदन! आपलं नाव तूर्त कमी करत आहोत.’ घरातल्या कुणालाही कळावा म्हणून तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. आणि तो जायचा संध्याकाळी सातला, कारण त्या वेळी माणसं घरी असतात आणि निरोप जास्त वाचले जातात, असं कुणीतरी शोधून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर सर आले. रागावलेले नव्हते.

“तो मेसेज कुणाला गेला, बाई?”

“विद्यार्थिनीला.”

“कुठल्या फोनवर?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते येईना. सर उभे राहिले. मलाही त्यांनी पुरता वेळ दिला.

“घरच्या,” मी म्हणाले.

ते वळून गेले.

मी श्रीनिवासच्या मागे लागून नंबर मिळवला. तसं करायची परवानगी नव्हती. पुढच्या दिवशी बरोबर अडीचला माझ्या फोनवरून लावला. मागे बाजाराचा कलकलाट आणि एका पुरुषाचा आवाज, “हौ, बोलिए.”

“वो… घर पे बात करनी थी,” मी म्हणाले.

“ये फोन अब घर पे नै रैता जी. दुकान पे रैता. मैं साथ लेको आता. क्या काम था?”

आवाज चांगला होता, अदबीचा. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राँग नंबर म्हणून मी फोन ठेवला. सरांना जाऊन जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वही उघडली, घरका फोनच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तसंच ठेवून बसले.

पुढच्या वर्गात त्यांनी हजेरी घेतली तीत तिचंही नाव घेतलं. “घरका फोन, युअर टर्न.” पडद्यावर तो चौकोन नव्हता. मी रेकॉर्डिंग ऐकत होते: चाळीस सेकंद, पन्नास. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पद्माने विचारल्याशिवाय माइक सुरू केला, पहिल्यांदाच.

“सर, शी इज नॉट देअर.”

“आय नो.”

“देन व्हाय यू आर वेटिंग?”

“शी हॅड स्टार्टेड, पद्मा.”

पद्माने माइक बंद केला नाही. तिच्याकडचा रंधा ऐकू येत राहिला. मग शिलाई मशीन ऐकू आली आणि ती थांबली. मग घोरणं. एकेक करत सगळ्यांनी माइक उघडले, आणि कुणीच बोललं नाही. अकरा घरं एकदम ऐकू येत होती. कुठे नळ, कुठे भिंतीपलीकडचा टीव्ही, कुठे कुणी कूस बदलल्यावर खाट करकरली. हे तिसऱ्या दिवसानंतर रोज व्हायला लागलं. यंत्राने त्या वर्गांपुढे लाल खूण केली, ‘ऑडिओ सदोष’. मी पुष्कळ रेकॉर्डिंगं ऐकली आहेत, बहुतेक विसरले. ती मिनिटं मला अजून कुठेही ऐकू येतात. स्वयंपाकघरात, लिफ्टमध्ये, फोनवर कुणी बोलता बोलता थांबलं की.

शेवटी मी सरांना संध्याकाळी, सगळे गेल्यावर, केबिनमध्ये बसवून गरुडाच्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. ते ऐकायला मी महिनाभर उशीर केला होता. एक हेडफोन त्यांच्या कानाला, एक माझ्या. पंखा थांबला आणि त्यामागे दडलेले आवाज वर आले. घड्याळ. रस्त्यावरचा भंगारवाला. आणि लांब, कुठल्याशा कोचिंग क्लासच्या भोंग्यावर एक मुलगी रोल नंबर पुकारत होती, त्यावरून मेट्रो घरघरत गेली.

“दिलसुखनगर,” सर म्हणाले. मेट्रोच्या कडेला आणि कोचिंग क्लासच्या पाठीला लागून असलेल्या गल्ल्या तिथे आहेत, फार नाहीत. मग तो श्वास आला. त्यांनी मला थांबवलं, पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकला. “आता बस.”

“सापडली तर काय करणार, सर?”

“काही नाही.”

“तिला तिथे त्रास होईल. आधीच…”

“नाव विचारणार नाही. दार वाजवणार नाही. तुम्हांला काय वाटलं, मी जाऊन तक्रार करीन?” बूट फरशीवर नीट टेकवून ते उठले. “बाई, तिला वाटत असंल की तिच्या हातून काही चुकलं म्हणून तिला काढलं. वर्ग बंद नाही झाला, एवढं तिला कळलं पाहिजे. तेवढ्यासाठी तिला इथं यायला सांगणं आता बरोबर नाही. मला जायला पाहिजे.”

महिन्याच्या शेवटी ते सोडून गेले. निरोपाला संस्थापकांनी केक आणवला. त्यावर ‘थँक यू चॅम्पियन’ लिहिलं होतं. सरांनी तो कापला, सगळ्यांना दिला आणि स्वतः खाल्ला नाही. त्यांच्या जागी नंतर एक यंत्र शिकवायला लागलं. ते चांगलं शिकवतं. आठ सेकंदही लागत नाहीत त्याला. पद्मा आणि बाकीच्या हळूहळू गळाल्या. मीही पुढे ती नोकरी सोडली.

सरांचा फोन मी दोनदा लावला होता. दोन्ही वेळा ते म्हणाले, “चालू आहे, लाइट घ्या.” तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही.

मग गेल्या मार्चमध्ये मुलीचे शाळेचे बूट घ्यायला दिलसुखनगरला गेले होते. दुपारची वेळ. दुकान बंद होतं, तीनला उघडेल म्हणाले, म्हणून सावलीच्या शोधात मागच्या गल्लीत शिरले. कोपऱ्यावर एका इस्त्रीवाल्याची गाडी होती. आणि तिथून चार घरं पुढे, एका तीन मजली इमारतीखाली, औसेकर सर उभे होते. टोपी नव्हती. उन्हात पांढरे केस विरळ दिसत होते. मान थोडी वर.

“वो सर?” मी बघतेय हे बघून इस्त्रीवाला म्हणाला. “पैचान के हैं क्या? कब से आ रहे. रोज इसी टाइम कू. एक एक घर के नीचे खड़े रैते, आखरी पीले घर तक जाते, फिर जाते.”

“कोई कुछ कहता नहीं?”

“पैले पूछे लोगां, किसकू मिलना चाचा? बोले, किसकू नै. एक बार ऊपर से किसीने पानी फेंका. सर बाजू होको खड़े हो गए. फिर सब छोड़ दिए. किसी का क्या लेते?”

मी पुढे जायला हवं होतं. चार घरांचं अंतर. गेले नाही.

सर बोलले. ओरडून नाही, वर्गात बोलायचे त्याच आवाजात, दुपारी झोपलेल्या घराला जाग येणार नाही इतक्याच.

“गुड आफ्टरनून. टेक युअर टाइम.”

वर खिडक्या होत्या. जाळीला टॉवेल वाळत घातलेले, एका खिडकीत पडदा, एक काच फुटून पुठ्ठा लावलेली. इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री कडेला ठेवली. मला वाटतं, त्यालाही सवय झाली असावी. मला काय ऐकू आलं ते सांगते: मुख्य रस्त्यावरचे हॉर्न, कुठेतरी बादलीत पडणारं पाणी, इस्त्रीतल्या निखाऱ्यांची चरचर. बाकी काही नाही. मी किती वेळ तशी उभी होते, मोजलं नाही.

मग सरांनी मान झुकवली, “थँक यू” म्हणाले, आणि मागे वळले. आमच्याकडे न बघता समोरून गेले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. कोपरा ओलांडून ते गर्दीत दिसेनासे झाले.

“आज आगे नै गए,” इस्त्रीवाला म्हणाला. तो गल्लीच्या टोकाला, पिवळ्या घराकडे बघत होता. “रोज आखरी तक जाते. आज यहींच से वापस.” मग माझ्याकडे वळला. “आपकू कुछ सुनाई दिया क्या, मॅडम?”

“नाही,” मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहिले.